आखूड केसांचा अंबाडा होत नाही? खुलासा

लग्नसराईत हमखास फिरणारा सल्ला: करवलीचे केस खांद्याच्या वर असतील तर गंगावनाशिवाय अंबाडा होत नाही.

खरं म्हणजे सगळे केस एका जागी पोचायची गरजच नसते. मानेजवळचे केस चिमटीत धरून पाहा. चार बोटं लांब असले तर पीळ घालून पिन बसते. बॉयकटला मात्र गंगावनही नीट धरत नाही, तिथे क्लिपच बरी.

केस आदल्या दिवशी धुवा, ताजे धुतलेले निसटतात. मागच्या केसांचे आडवे दोन भाग करा. खालच्या भागाच्या दोन बुटक्या पोनी बांधून टोकं आत वळवा. हा झाला पाया. वरचे केस मुळाशी उलटे विंचरून फुगवा, दोन्ही बाजूंनी पीळ देत पायावर आणा.

अंबाडा सुटतो तो बहुधा पिनांमुळे. पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे हवी आणि दोन पिना फुलीसारख्या अडकवायला हव्यात. नुसत्या वरच्या केसांत खोचलेली पिन तासाभरात सरकते. बसवल्यावर मान जोरात हलवून बघा.

गजऱ्याचा दोरा पोनीच्या रबराला बांधा, कारण ओला गजरा जड असतो, पिळावर लावला की सगळं खाली ओढतो.