जुन्या वास्तूच्या जतनासाठी अनुदान मागताना
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

वाडा, देवस्थानाची धर्मशाळा किंवा शंभरी ओलांडलेली ग्रंथालयाची इमारत दाखवण्यासाठी आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक प्रथम अनुदान कोठून मिळेल, हे विचारतात. आम्ही मात्र आधी वास्तू कागदोपत्री कोणाची आहे हे पाहतो, कारण अर्ज कोणाकडे करता येईल हे त्यावरच ठरते.

वास्तू खासगी मालकीची असल्यास आर्थिक साहाय्याचे मार्ग फार थोडे आहेत, हे स्पष्ट सांगितलेले बरे. महापालिकेच्या वारसा यादीत नाव आले की दुरुस्तीला पैसे मिळतात, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात यादीतील नोंदीमुळे दुरुस्तीपूर्वी परवानगी घेण्याचे बंधन येते. अनुदान आपोआप मिळत नाही. त्यातच वास्तू शनिवारवाड्यासारख्या केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत किंवा त्यापुढील २०० मीटरच्या नियंत्रित क्षेत्रात असेल, तर १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक केंद्रीय कायद्यानुसार स्वतंत्र परवानगी लागते. तिला लागणारा वेळ कामाच्या वेळापत्रकात आधीच धरावा.

नोंदणीकृत सार्वजनिक न्यासांची स्थिती पुष्कळ बरी आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत ऐतिहासिक महत्त्वाच्या इमारती व स्थळांच्या जीर्णोद्धाराचा स्पष्ट उल्लेख असल्याने कंपन्यांना आपला सामाजिक दायित्व निधी, म्हणजेच सीएसआर, या कामी देता येतो. त्यासाठी न्यासाकडे आयकर विभागाच्या आवश्यक नोंदण्या आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे केलेल्या सीएसआर-१ अर्जानंतर मिळणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. आमच्या अनुभवात मात्र अर्ज अडतो तो बहुधा धर्मादाय कार्यालयातील नोंदींपाशी. परिशिष्ट-१ च्या, म्हणजे न्यासाच्या नोंदवहीच्या, उताऱ्यावर दिवंगत विश्वस्तांचीच नावे असतात, विश्वस्त बदलल्याची नोंद करून घेण्याचा बदल अर्ज (चेंज रिपोर्ट) वर्षानुवर्षे प्रलंबित असतो आणि अर्जावर सही नेमकी कोणी करावी, येथूनच प्रश्न सुरू होतो. हे काम आधी मार्गी लावावे. परदेशस्थ नातलग व माजी रहिवासी यांच्या देणग्यांबाबतही सावधगिरी हवी. ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतले आहे, त्यांची देणगी ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळणारे ओळखपत्र) असले तरी विदेशी अंशदान ठरते आणि ती विदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय स्वीकारता येत नाही. ज्यांचे पारपत्र अद्याप भारतीय आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून दिलेल्या देणगीला हे बंधन नाही.

कागद जमले की अर्जाचा मजकूर तयार करावयाचा. येथे बहुतेकांचा भर घराण्याच्या किंवा संस्थेच्या इतिहासावर असतो. इतिहास हवाच, पण एक पान पुरे. निधी देणाऱ्याच्या तज्ज्ञाला वास्तूचे दुखणे काय आणि ते कशामुळे जडले, हे जाणून घ्यायचे असते. एक नेहमीचे उदाहरण पाहू. पूर्वी कधीतरी विटांच्या भिंतीवरचा चुन्याचा गिलावा काढून तेथे सिमेंटचा केलेला असतो. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडत असे. सिमेंटमुळे ती आतच कोंडते, भिंतीत बसवलेल्या तुळईच्या टोकाला मुरते आणि लाकूड कुजते. खोलीतून पाहिल्यास तुळई धडधाकट दिसते, पण भिंतीलगत सळई टोचली की ती बोटभर आत जाते. अर्जात केवळ ‘सागवानी तुळया बदलणे’ एवढेच लिहिले, तर ओलीचे कारण तसेच राहते आणि नवी तुळईही त्याच वाटेने जाते. त्याऐवजी सिमेंटचा गिलावा उतरवणे, पन्हळी व पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर नेणे, कुजलेले टोक कापून तेवढ्यालाच सागाचा जोड देणे आणि शेवटी चुन्याचा गिलावा करणे, या क्रमाने कामे मांडावीत व प्रत्येक बाबीला छायाचित्र आणि मोजमाप जोडावे. असे काम सहसा स्वस्तही पडते, कारण जुने लाकूड बहुतांशी वाचते.

अंदाजपत्रकात सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत न बसणाऱ्या बाबी असतील, तर त्यांचा दर कसा काढला याचा हिशेब द्यावा लागतो. चुना मुरवण्यास व गिलावा सुकण्यास लागणारा अवधी, पावसाळ्यात बंद राहणारे काम, परांची आणि वस्तू व सेवा कर या गोष्टी हमखास विसरल्या जातात. रक्कम फुगवून मागू नये. कपात करणाऱ्याला फुगवटा दिसतोच.

आमचे शुल्क वास्तूची पाहणी, मोजणी-नकाशे व अर्जाच्या तयारीचे असते. मंजूर रकमेवर टक्केवारी आम्ही घेत नाही, आणि मंजुरीची हमीही देत नाही. पहिल्या भेटीला मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, न्यास असल्यास परिशिष्ट-१ चा उतारा, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि पूर्वीच्या दुरुस्त्यांच्या पावत्या सापडतील तेवढ्या आणाव्यात.

मंजुरीपूर्वी झालेला खर्च सहसा अनुदानात धरला जात नाही, म्हणून तोवर मूळ काम सुरू करू नये. धोका दिसत असेल, तर टेकू देणे, छपरावर ताडपत्री घालणे आणि लोकांचा वावर थांबवणे एवढे मात्र स्वखर्चाने लगेच करावे, व त्यापूर्वीच्या स्थितीची छायाचित्रे तारखेसह काढून ठेवावीत.