एक मैल म्हणजे चाकाचे ६४० फेरे

इंग्लंडमधल्या जुन्या मैलाच्या दगडावरचं अंतर मोबाइलमधल्या अंतराशी जुळलं नाही, की 'तेव्हा सगळं अंदाजपंचेच होतं' असं सर्रास म्हटलं जातं. या दगडांवर तो अन्याय आहे.

अठराव्या शतकात टर्नपाइक ट्रस्ट टोल घेऊन रस्ते राखत. १७६०च्या दशकात मैलाचे दगड बसवणं त्यांना कायद्यानं बंधनकारक झालं. मैल ५,२८० फुटांचा, हे तर १५९३ सालीच ठरलं होतं.

मोजणीला एक देखणं साधन होतं, वेवायझर: दांड्याला जोडलेलं, ढकलत न्यायचं चाक. व्यास साडेएकतीस इंच, म्हणून परीघ सव्वाआठ फूट. दोन फेऱ्यांत साडेसोळा फूट, म्हणजे एक पोल. ३२० पोल म्हणजे मैल. आसाची गती दांतेरी चाकांतून तबकडीवरच्या काट्यांकडे जाते, त्यामुळे फेरे तोंडानं मोजावे लागत नाहीत.

चूक शिरते ती धावेतून, म्हणजे चाकाच्या कडेवर बसवलेल्या पट्टीतून. धाव सगळीकडून इंचाचा सोळावा भाग झिजली, तर व्यास अष्टमांश इंचानं घटतो आणि दर फेरीला सुमारे ०.३९ इंच कमी पडतं. ६४० फेऱ्यांत ही तूट २१ फुटांवर जाते. दगड तेवढा अलीकडे रोवला जातो. चाक नागमोडी चाललं तरी दगड अलीकडेच येतो. धावेला चिखल चिकटला, की मात्र परीघ वाढून दगड पुढे सरकतो.

शिवाय, लंडनपासून म्हणजे नेमकं कुठून? कुठे हाइड पार्क कॉर्नर, कुठे शोरडिच चर्च, तर कुठे हिक्स हॉल. ही इमारत १७८२ मध्ये पाडली, तरी तिच्या जागेपासूनची मोजणी चालूच राहिली. मोबाइलचा आरंभबिंदू वेगळा, आणि वळणं काढून सरळ केलेला आजचा रस्ताही वेगळा. उपग्रहाचा आकडा दिसला की बाकी सगळं खोटं ठरवायची घाई कशाला?

चाक तपासायची रीत सोपी आहे. सपाट जमिनीवर ६६ फुटांची गंटर साखळी (जमीन मोजायची साखळी) ताणून धरायची आणि चाक तिच्या कडेनं सरळ न्यायचं. बरोबर आठ फेरे भरले पाहिजेत. आपल्याकडचा जमिनीचा गुंठाही याच मापातला: ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे एकेक बाजू अर्धी साखळी, चाकाचे चार फेरे.