घरच्या फायरवॉलला कोणते पत्ते द्यावेत?

कोथरूडच्या घरून हिंजवडीतल्या ऑफिसचं व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित वाट) लावलं, ते जोडलंही गेलं, पण ऑफिसचा सर्व्हर उघडेना. अशा वेळी सगळे इंटरनेट कंपनीला बोल लावतात. पुष्कळदा कारण घरातच असतं. घरच्या नेटवर्कमधल्या उपकरणांचे पत्ते (आयपी ॲड्रेस) १९२.१६८.१ ने सुरू होतात आणि ऑफिसचेही. सर्व्हर १९२.१६८.१.२० वर असेल, तर लॅपटॉप तो घरातच आहे असं धरून चालतो आणि घरच्या वायफायवरच त्याला शोधत राहतो.

आयपीव्ही४ मध्ये, म्हणजे चार आकड्यांच्या या पद्धतीत, एकूण पत्ते जेमतेम ४२९ कोटी. म्हणून १९९६ च्या 'आरएफसी १९१८' या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवले: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८. प्रत्येक सोसायटीत ३०२ नंबरचा फ्लॅट असतो आणि कुणाचं काही अडत नाही, तसेच हे पत्ते लाखो घरांत एकाच वेळी नांदतात. अडतं ते दोन नेटवर्क जोडल्यावर.

फायरवॉल, म्हणजे इंटरनेट कंपनीचा राउटर आणि घरची उपकरणं यांच्यामधला राखणदार, बसवताना तर ही जोडणी घरातच होते. इंटरनेट कंपनीचा राउटर बहुधा १९२.१६८.१ चे पत्ते वाटतो. पीएफसेन्ससारख्या फायरवॉलची आतली बाजूही मुळात १९२.१६८.१.१ वरच असते. दोन्ही बाजूंना एकच नेटवर्क दिसलं, की पॅकेट (माहितीचा तुकडा) कुठल्या बाजूला पाठवायचं हे फायरवॉलला ठरवता येत नाही. आतली बाजू बदलणं भागच असतं.

माझ्या मते १० च्या पट्ट्यातला एखादा आडवळणाचा तुकडा घ्यावा, उदाहरणार्थ १०.७३.४१. त्यात २५४ उपकरणं बसतात, घराला तेवढी पुष्कळ. १०.०.० किंवा १०.१०.१० सगळ्यांनाच सुचतात, ते टाळावेत. पिनकोडवरून (४११०३८) १०.३८ घेण्याचा मोह कोथरूडकरांना होईल, पण उद्या त्याच भागातल्या भावाचं घर व्हीपीएनने जोडायचं झालं तर? त्यालाही तेच सुचलेलं असू शकतं. १० चा अख्खा पट्टा मात्र घराला देऊ नये. मोठ्या कंपन्यांची नेटवर्कं त्यातच असतात. १७२ चा खासगी पट्टा १७२.३१ लाच संपतो, त्यामुळे १७२.३२ खासगी नाही, तो घेऊ नये. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखला गेला, त्यालाही हात लावू नये.

हा बदल सीसीटीव्ही आणि प्रिंटरला कायमचे पत्ते देण्याआधी करावा. नंतर एकेक उपकरण उघडून पत्ता बदलावा लागतो.