पहिलटकरणीच्या वारेतला हिवताप

"गरोदर बाईच्या अंगात उष्णता असायचीच, सब्जा भिजवून दे." या घरगुती सल्ल्यात तथ्य एवढंच, की प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे सुरुवातीचे काही आठवडे अंग किंचित गरम राहतं. थर्मामीटर १००.४ फॅरनहाइटला टेकला की तो ताप, आणि त्यामागे कारण असतं: फ्लू, लघवीच्या मार्गाचा संसर्ग, पावसाळ्यात डेंग्यू किंवा हिवताप. सब्ज्याने यातलं काहीच हटत नाही. बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. त्या दिवसांतल्या जोराच्या तापाचा नळीतल्या दोषांशी संबंध दिसला आहे, म्हणून डॉक्टर पॅरासिटॅमॉल देऊन ताप उतरवतात.

पण या यादीत सगळ्यात बेरकी आहे तो फाल्सिपेरम हिवताप, म्हणजे फाल्सिपेरम नावाच्या परजीवीमुळे होणारा मलेरिया. आपल्याकडे त्याचं मुख्य ठाणं गडचिरोली.

हा परजीवी शिरला की तांबडी पेशी ताठर होते, आणि ताठर पेशी प्लीहेत अडकून नष्ट होतात. ते टाळायला तो पेशीच्या पृष्ठभागावर बारीक गाठी उभारतो आणि त्यांवर एक चिकट प्रथिन बसवतो. त्याच्या जोरावर पेशी रक्तवाहिनीची भिंत धरून बसते, प्लीहेकडे फिरकतच नाही. या प्रथिनाचे साठेक नमुने त्याच्या जनुकांत असतात, पण एका वेळी वापरात एकच. त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली की पुढचा. वर्षभर हिवताप असणाऱ्या भागात वाढलेली मुलगी वयात येईतो यातले बरेच नमुने ओळखू लागते आणि सहसा फारशी आजारी पडत नाही.

मग तिला दिवस जातात आणि वार (प्लासेंटा) तयार होते. वारेच्या पेशींवर कॉन्ड्रॉइटिन सल्फेट-ए नावाच्या शर्करेच्या साखळ्या असतात. मिखाल फ्रीड आणि पॅट्रिक डफी यांनी १९९६ मध्ये, केनियातल्या मातांच्या वारेतले परजीवी नेमके या साखळ्यांना चिकटतात, हे दाखवलं. त्यासाठी लागणारं प्रथिन, व्हार-टू-सीएसए, २००३ मध्ये कोपनहेगनच्या गटाने हुडकलं. वार नव्हती तोवर या नमुन्याला बूड टेकायला जागाच नव्हती, म्हणून मुलीच्या शरीराने तो पाहिलेलाच नसतो. पहिली खेप सर्वांत धोक्याची ती यामुळे! पुढच्या खेपांना प्रतिपिंडं हाताशी असतात. "लहानपणी दहादा मलेरिया झालाय, तिला काय होतंय" हा हिशोब पहिलटकरणीला लागू पडत नाही.

वारेत परजीवींची गर्दी झाली की तिथे दाह सुरू होतो, बाळाकडे जाणारं पोषण घटतं. आई पांढरीफटक पडते, बाळ अडीच किलोच्या आत भरतं, कधी गर्भपात होतो, कधी बाळ पोटातच दगावतं. आणि एवढं चालू असताना ताप नसूही शकतो. बोट टोचून घेतलेल्या रक्ताच्या काचपट्टीवरही पुष्कळदा काही दिसत नाही, कारण परजीवी तिकडे वारेत ठाण मांडून असतात. त्यांचं प्रथिन रक्तात झिरपतं, त्यामुळे झटपट चाचणी कधीकधी ते पकडते.

औषधं आहेत. आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन पहिल्या तिमाहीतही द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं. हिवतापावरचंच दुसरं औषध, प्रायमाक्विन, मात्र गरोदरपणी देत नाहीत. तिसरा महिना सरेपर्यंत गोड बातमी लपवायची आपली रीत इथे महागात पडू शकते, कारण ही गोळी देणाऱ्या आशाताईला काही कळलेलंच नसतं. प्रायमाक्विन टाळतात ते यासाठी: बाळाच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असेल तर ते औषध त्या पेशी फोडतं, आणि पोटातल्या बाळाची ती तपासणी सहजी करता येत नाही.