नवा बूट चावू नये म्हणून: एअर जॉर्डनच्या तिसऱ्या जोडीची पार्श्वभूमी

नाइकीच्या 'एअर जॉर्डन' या बास्केटबॉल बुटांचा विषय निघाला की पहिल्यांदा निघते ती बंदीची गोष्ट. काळे-लाल बूट घातले म्हणून एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगने खेळाडू मायकेल जॉर्डनला दर सामन्याला ५,००० डॉलरचा दंड लावला आणि नाइकीने त्या बंदीचीच जाहिरात केली, असे सांगतात. लीगचे पत्र खरे आहे. २५ फेब्रुवारी १९८५ च्या त्या पत्रात १८ ऑक्टोबर १९८४ च्या सुमारास जॉर्डनने घातलेल्या लाल-काळ्या बुटांचा उल्लेख आहे. पण ऑक्टोबरमध्ये एअर जॉर्डन तयारच झाला नव्हता. त्या दिवसांत जॉर्डनच्या पायात नाइकीचा 'एअर शिप' होता आणि आक्षेप बहुधा त्याच्यावर होता. जाहिरातीत मात्र एअर जॉर्डन झळकला. गोष्ट इतकी रंगली की पुढच्या तीन वर्षांत ही मालिका जवळजवळ बुडाली होती, हे कोणी सांगतच नाही. ती का वाचली, हे मला बंदीपेक्षा कितीतरी मोलाचे वाटते.

१९८४ मध्ये एनबीएच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत शिकागो बुल्स या संघाने जॉर्डनला तिसऱ्या क्रमांकावर निवडले. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात तो कॉन्व्हर्स घालून खेळला होता आणि मनातून त्याला आदिदास हवे होते. नाइकी मुख्यतः धावपटूंची कंपनी. कंपनीच्या ओरेगनला जाऊन त्यांचे म्हणणे ऐकायलाही तो राजी नव्हता. आई डेलोरिस यांनी त्याला विमानात बसवले. 'एअर जॉर्डन' हे नाव त्याचा एजंट डेव्हिड फॉक याने सुचवले. सोलमध्ये हवेची पिशवी बसवण्याचे नाइकीचे तंत्र त्यात आले आणि जॉर्डनची उडीही आली. करार पाच वर्षांचा, वर्षाला सुमारे पाच लाख डॉलरचा. बूट पीटर मूर यांनी आखला. पंख लावलेल्या चेंडूचे त्याचे चिन्ह त्यांना विमानप्रवासात सुचले, एका लहान मुलाच्या छातीवरचा वैमानिकाचा बिल्ला पाहून. एप्रिल १९८५ मध्ये ६५ डॉलरला बूट बाजारात आला आणि पहिल्याच वर्षी १२ कोटी ६० लाख डॉलरची विक्री झाली.

मग घसरण. १९८५-८६ च्या हंगामात तिसऱ्याच सामन्यात जॉर्डनच्या डाव्या पायाचे हाड मोडले आणि ६४ सामने हुकले. २० एप्रिल १९८६ ला बोस्टनमध्ये त्याने सेल्टिक्सविरुद्ध ६३ गुण केले तेव्हा पायात पहिलाच एअर जॉर्डन होता. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेला दुसरा बूट इटलीत बनवलेला, १०० डॉलरचा. दिसायला उंची, पण पहिल्यासारखी ओढ त्याने लावली नाही. १९८७ मध्ये स्ट्रासर आणि मूर दोघेही नाइकी सोडून गेले. रॉब स्ट्रासर म्हणजे हा सगळा डाव मांडणारा अधिकारी. जॉर्डनचा करार संपत येत होता आणि या दोघांना तो आपल्याबरोबर हवा होता.

इथे टिंकर हॅटफिल्ड येतात. शिक्षणाने वास्तुविशारद. १९८१ मध्ये नाइकीत लागले ते इमारती आणि दुकाने आखायला. त्याआधी ओरेगन विद्यापीठात ते बांबूउडी मारत. एका उडीत पडून त्यांचा घोटा कायमचा दुखावला, तेव्हा प्रशिक्षक बिल बावरमन यांनी त्या पायाला जमतील असे बूट स्वतः बनवून दिले. दुखऱ्या पायाला जमणारा बूट म्हणजे काय, हे या माणसाला स्वतःच्या पायावरून ठाऊक होते. पॅरिसचे पाँपिदू केंद्र, ज्याचे पाइप इमारतीबाहेरून दिसतात, ते पाहून त्यांनी १९८७ च्या एअर मॅक्समध्ये हवेच्या पिशवीला बाजूने खिडकी ठेवली होती.

हॅटफिल्ड यांनी पहिली गोष्ट केली ती जॉर्डनला विचारण्याची: तुला काय हवे आहे? शिंपी माप घेताना विचारतो तितका साधा प्रश्न. जॉर्डनने नेमकी उत्तरे दिली. बूट हलका हवा. घोट्याला आधार हवा, पण पूर्ण उंच बुटासारखा अडकवणारा नको. आणि कातडे असे मऊ हवे की पहिल्याच दिवशी चावणार नाही. हे शेवटचे म्हणणे लाडाचे वाटेल, पण तो दर सामन्याला नवी जोडी घालत असे. बाकीच्यांचा नवा बूट आठवडाभर चावून मग पायाला रुळतो. याच्या बुटाला रुळायला वेळच मिळत नव्हता.

माझ्या भाच्याकडे या तिसऱ्या बुटाची अलीकडची आवृत्ती आहे. हातात घेतल्यावर ही तिन्ही उत्तरे सापडतात. कातड्यावर मुद्दाम आणलेल्या बारीक सुरकुत्या आहेत आणि अंगठ्याने दाबले की ते दबते. उंची घोट्याच्या मधोमध थांबते. टाचेपाशी खिडकी, आत हवेची पिशवी. चवड्याला आणि टाचेला राखाडी पट्टी, तिच्यावर हत्तीच्या कातडीसारखी नक्षी. आटलेल्या तळ्यातल्या गाळाला भेगा पडतात तशी. बाजूला नाइकीची खूण नाही. जिभेवर जॉर्डनची आकृती, जी पुढे 'जंपमॅन' म्हणून जगभर गेली.

हा नमुना जॉर्डनला दाखवायचा दिवस हॅटफिल्ड यांनी नंतर अनेकदा वर्णन केला आहे. जॉर्डनचे आईवडील आले होते, कंपनीचे संस्थापक फिल नाइट होते. जॉर्डन चार तास उशिरा आला, स्ट्रासर-मूर यांच्याबरोबर गोल्फ खेळून. चेहरा उतरलेला. नमुन्यावर काळे कापड होते. ते उचलले, बूट त्याच्या हातात गेला आणि बोलणे सुरू झाले. जॉर्डन नाइकीतच राहिला.

फेब्रुवारी १९८८ मध्ये शिकागो स्टेडियमवर, घरच्या प्रेक्षकांसमोर, डंकच्या, म्हणजे उडी मारून चेंडू थेट रिंगात कोंबण्याच्या स्पर्धेत तो रिंगापासून दूर असलेल्या फ्री थ्रोच्या रेषेवरून उडाला आणि डॉमिनिक विल्किन्सला १४७-१४५ ने हरवले. पायात पांढरा-राखाडी तिसरा एअर जॉर्डन होता. त्याच सुमारास स्पाइक ली यांनी आपल्या पहिल्या चित्रपटातले पात्र घेऊन जाहिराती केल्या. जॉर्डनच्या खेळातली ही कमाल बुटांचीच, असा त्या पात्राचा हट्ट.

जंपमॅनची आकृती पाहून तो डंक मारतो आहे असे वाटते, पण ती नर्तकासारखी पाय फाकवून घेतलेली उडी आहे. मूळ कल्पना छायाचित्रकार को रेंटमीस्टर यांची. १९८४ च्या ऑलिंपिकनिमित्त 'लाइफ' मासिकासाठी त्यांनी जॉर्डनला तसे उडायला लावले होते. नाइकीने तीच उडी शिकागोच्या इमारतींसमोर पुन्हा टिपली. रेंटमीस्टर २०१५ मध्ये कोर्टात गेले आणि हरले; २०१८ मध्ये अपील न्यायालयाने निकाल कायम ठेवला. कायद्याने ते बरोबर असेलही, पण त्या आकृतीचे मूळ सांगताना त्यांचे नाव गाळणे मला पटत नाही.

पुढची दहा वर्षे हॅटफिल्ड यांनी या मालिकेचे बूट आखले. चौथ्याला जाळी, पाचव्याला लढाऊ विमानावरचे शार्कचे दात, सहाव्याला पोर्शे गाडीची छटा. त्यात माझा सर्वात आवडता अकरावा, १९९५ चा. मधे बास्केटबॉल सोडून बेसबॉलकडे गेलेला जॉर्डन परतला तेव्हा प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, त्याने तो बाजारात येण्याआधीच घातला. सहकाऱ्यांचे बूट काळे आणि याचे पांढरे, म्हणून लीगने पुन्हा हरकत घेतली. त्याच्या चकचकीत पेटंट लेदरकडे लोक शोभा म्हणून पाहतात. खरे तर ते कातडे ताणले जात नाही, त्यामुळे वळताना पाय आत सरकत नाही. इथेही सुरुवात पायापासूनच.

या मालिकेला एक काळी बाजूही आहे. १९८९ मध्ये मेरीलँडमध्ये एका १५ वर्षांच्या मुलाचा जॉर्डनच्या बुटांसाठी खून झाला. शंभर डॉलरवर गेलेली किंमत आणि शाळकरी मुलांना उद्देशून केलेल्या जाहिराती यांवर तेव्हा अमेरिकेत मोठा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

१९९४ मध्ये पहिल्या तीन बुटांच्या नव्या आवृत्त्या आल्या तेव्हा त्या दुकानांत पडून राहिल्या. आज जॉर्डनने सामन्यात घातलेल्या बुटांचे लिलाव होतात; १९९८ च्या अंतिम फेरीतली तेराव्या बुटाची जोडी २०२३ मध्ये २२ लाख डॉलरला गेली. तिसऱ्याच्या टाचेवर मुळात 'नाइकी एअर' असे होते. मधल्या काही आवृत्त्यांत तिथे जंपमॅन आला, जुने चाहते हळहळले, आणि काळ्या जोडीवर २०१८ मध्ये मूळ अक्षरे परत आली.

१९८८ च्या अस्सल जोड्या अजूनही काहींनी जपल्या आहेत, पण घालता येत नाहीत. त्यांच्या तळातला पॉलियुरेथेन फेस हवेतला ओलावा शोषून आतून विरतो. कोकण-मुंबईसारख्या दमट हवेत हे आणखी लवकर होते. चार पावले टाकली की तळाचा भुगा जमिनीवर पडतो. कातडे मात्र बऱ्याचदा तसेच मऊ राहिलेले असते.