जिम सुटल्यावरचा अर्धा तास

रात्री साडेदहानंतर ठाण्याहून वाशी-नेरूळकडे निघणाऱ्या लोकलमध्ये शेकरची खळखळ आता कुणाला नवी राहिलेली नाही. पारदर्शक बाटली, आत तारेचं वेटोळं, तळाशी प्रोटीन पावडरीच्या चार गुठळ्या. रबाळे स्टेशन यायच्या आत बाटली रिकामी करायची, कारण व्यायाम संपून अर्धा तास होत आलेला असतो, आणि जिमचा नियम असा की प्रोटीन त्या अर्ध्या तासातच पोटात जायला हवं. घणसोलीला उतरलं की घर दहा मिनिटांवर आणि घरी भाकरी-उसळ झाकून ठेवलेली, तरी तेवढा धीर धरायचा नाही. व्यायामानंतर काय खावं, यावर जिममध्ये जेवढं बोललं जातं त्यातलं निम्मं बोलणं खरं तर किती वाजायच्या आत खावं याबद्दलच असतं.

हा नियम जुना वाटतो, पण तालमीत तो नव्हता. तालमीतल्या पहाटेच्या जोर-बैठकांनंतर थंडाई असे: बदाम, खसखस, बडीशेप, मिरी रात्री भिजत घालून सकाळी वाटायचं आणि दुधात कालवायचं. त्याला शब्द खुराक. हा फारसीतून आलेला शब्द मराठीत पैलवानालाही चालतो आणि दुभत्या म्हशीलाही, आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ एकच: दिवसभरात पोटात किती जातं. घड्याळाचा त्यात संबंध नाही. आज त्या खुराकाचे गोडवे गाणाऱ्यांनी एक हिशेब करून पाहावा. वीस बदामांत प्रथिनं जेमतेम ५ ग्रॅम, आणि स्निग्धांश त्याच्या दुपटीहून जास्त. शेकड्यांनी बैठका मारणाऱ्याला तो ताकदीचा ऐवज होता, म्हणून योग्यच होता. दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी चाळीस मिनिटं डंबेल उचलणाऱ्याला तो तसाच्या तसा लागू पडत नाही.

ठाण्यातल्या मंडळांच्या व्यायामशाळांत बदाम परवडणारे थोडेच होते. वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत शिफ्ट करून येणारी पोरं, त्यांचा खुराक म्हणजे भिजवलेले हरभरे आणि गूळ. मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी जिथे जायचो तिथे दाराशी ॲल्युमिनियमचं पातेलं असायचं, वर ओलं फडकं. आधी येणाऱ्याला मोड आलेले टपोरे चणे मिळत, आणि शेवटी येणाऱ्याच्या वाट्याला तळाचे खडे, म्हणजे न भिजलेले, दात हलवणारे दाणे. एक मूठ चणे, म्हणजे कोरडे ३० ग्रॅम धरले तर ६ ग्रॅम प्रथिनं. वर घरी जाऊन पाव लिटर दूध घेतलं की आणखी ८. कुणाच्याही लेखी ही रिकव्हरी नव्हती, भूक होती.

अंड्यांचा जमाना याच व्यायामशाळांत मधे येऊन गेला. दुधात चार कच्ची अंडी फोडून डोळे मिटून प्यायची, आणि उकडून खाणारा म्हणजे लेचापेचा. १९९८ साली मोजणी झाली तेव्हा शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के प्रथिन पचतं आणि कच्च्यातलं ५१ टक्क्यांच्या आसपास, असं निघालं. म्हणजे नाक दाबून प्यायलेल्या चार अंड्यांतली जवळपास दोन वायाच जायची.

तिकडे युरोपात 'प्रोटीन' हा शब्द १८३८ साली छापून आला. त्यानंतर लगेच एका नामवंत जर्मन रसायनशास्त्रज्ञानं मांडलं की काम करताना स्नायू स्वतःचंच प्रथिन जाळतात. १८६५ मध्ये दोघा अभ्यासकांनी आदल्या दिवसापासून प्रथिनं बंद करून, पिष्ट आणि चरबीवर स्वित्झर्लंडमधला एक डोंगर चढून दाखवला, किती प्रथिन जळलं ते कळावं म्हणून स्वतःची लघवी तपासली, आणि ती कल्पना मोडीत काढली. इंधन वेगळं आणि झीज भरायचा माल वेगळा, हे तेव्हापासून माहीत आहे. आपल्याकडे मात्र 'अंगात ताकद नाही, प्रोटीन घे' हे अजून चालूच आहे.

इंधनाच्या बाजूची गोष्ट त्यामानानं सरळ आहे. स्नायूत सुई घालून नमुना काढायची पद्धत १९६०च्या दशकात रुळली आणि स्नायूंत साठणारी साखर, म्हणजे ग्लायकोजेन, प्रत्यक्ष मोजता येऊ लागलं. १९८८ मध्ये सायकलपटूंवर एक प्रयोग झाला. व्यायाम संपल्याबरोबर कर्बोदकं दिली तर हा साठा भराभर भरतो. तीच दोन तासांनी दिली तर पुढच्या दोन तासांत भरण्याचा वेग जवळपास निम्म्यावर येतो. घड्याळाचा मुद्दा पहिल्यांदा जोरात आला तो इथे, आणि तो कर्बोदकांबद्दल होता. सकाळी एक सामना आणि संध्याकाळी दुसरा खेळणाऱ्या कबड्डीपटूला तो आजही लागू आहे. त्यानं मैदानाबाहेर येताच केळी, गूळ-पोळी, भात, जे हाताशी असेल ते खावं. पुढचा व्यायाम चोवीस तासांनी करणाऱ्याचा साठा रोजच्या जेवणानं आपोआप भरतो.

आता पावडर. चीज करताना दुधाचं जे पाणी सुटतं ते व्हे. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसीन चीजमध्ये जातं आणि उरलेलं २० टक्के या पाण्यातून वाहून जातं. आपल्याकडे श्रीखंडासाठी चक्का बांधला की खाली जी निवळी गळते ती याच्याच जवळची, म्हणून जुन्या बायका तिच्यात कणीक मळत. परदेशातल्या चीज कारखान्यांना मात्र ही डोकेदुखी होती. ते पाणी डुकरांना घाला, शेतात सोडा, नाहीतर नदीत सोडून दंड भरा. १९७०च्या दशकात बारीक पडद्यातून गाळून त्यातलं प्रथिन वेगळं काढायचं तंत्र कारखान्यांत आलं आणि टाकाऊ पाण्याला भाव आला. मालाला गिऱ्हाईक हवंच होतं. १९९७ मध्ये गिऱ्हाइकाला सांगण्याजोगी गोष्टही सापडली: व्हे पोटातून झटकन रक्तात उतरतं, केसीन सहा-सात तास सावकाश झिरपत राहतं. झटकन उतरतं ते चांगलं, असं त्या प्रयोगात कुठेही म्हटलेलं नव्हतं. सावकाश झिरपणाऱ्या केसीननं शरीरातली मोडतोड जास्त रोखली, असंही त्यात होतं. डब्यावर अर्थातच पहिला अर्धाच आला.

आणि मग २००१. अर्ध्या तासाच्या नियमाला जो एक प्रयोग सगळ्यांत जास्त वापरला गेला तो नीट बघण्यासारखा आहे, कारण आपल्याकडचे किती ट्रेनर नकळत त्याच्या जोरावर बोलतात. त्यात १३ पुरुष होते, सरासरी वय ७४. तेरा आजोबांनी बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा वजनं उचलली. सात जणांना व्यायाम संपल्याबरोबर एक पेय दिलं, सहा जणांना तेच पेय दोन तासांनी. पेयात प्रथिनं किती, तर १० ग्रॅम, सोबत थोडी साखर आणि ३ ग्रॅम चरबी. पहिल्या गटाच्या मांड्या भरल्या, दुसऱ्याच्या जवळजवळ होत्या तशाच राहिल्या. निष्कर्ष असा काढला गेला की दोन तास उशीर केला तर मेहनत पाण्यात.

यात खटकण्यासारखं भरपूर आहे. एक तर माणसं तेरा. दुसरं, वय. वाढत्या वयात स्नायूंना प्रथिनाची चाहूल उशिरा लागते, त्यामुळे सत्तरीतल्यांवरून पंचविशीतल्यांचा नियम ठरवणं धाडसाचं. मला सगळ्यांत मोठी वाटते ती तिसरी शंका. बारा आठवडे वजनं उचलली तर पेय न घेताही म्हाताऱ्या माणसाच्या मांड्या थोड्या तरी भरतात, हे आधीच्या कित्येक प्रयोगांत दिसलं होतं. मग दुसऱ्या गटाच्या मांड्या हलल्याच का नाहीत? एक कप पेय दोन तास उशिरा घेतल्यानं व्यायामाचा सगळा परिणाम पुसला जाईल, हे पटत नाही. काहीतरी वेगळंच बिनसलं असणार.

पण तोवर शब्द तयार झाला होता: ॲनाबॉलिक विंडो, म्हणजे व्यायामानंतर स्नायू बांधून घेण्याची खिडकी. मराठीत खिडकी म्हटलं की ती उघडते, बंद होते, आणि बंद झाली की बाहेरचा बाहेरच राहतो. या एका शब्दानं जितकं काम केलं तितकं आकड्यांनी केलं नसतं. २००४ च्या सुमारास एका गाजलेल्या इंग्रजी पुस्तकानं ४५ मिनिटांचा हिशेब लोकप्रिय केला. आपल्याकडे येईपर्यंत त्यातली पंधरा मिनिटं कुठेतरी गळली आणि अर्धा तास राहिला. त्याच वर्षी ठाणे-वाशी लोकल सुरू झाली, ऐरोली-महापेला काचेच्या इमारती भरू लागल्या, आणि व्यायामशाळेच्या जागी एसीवाली जिम आली. डब्याचं गिऱ्हाईक तिथे होतं.

तेच मीही होतो. कोपरखैरण्याच्या एका जिममध्ये पहिल्याच आठवड्यात ट्रेनरनं विचारलं, "सर, आता काय घेणार?" मी म्हटलं, घरी जाऊन जेवणार. त्यानं एखाद्या आजाऱ्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "घरी जाईपर्यंत मसल खायला लागेल स्वतःलाच." पाच पौंडांचा डबा काउंटरच्या मागे तयारच होता. तो घेतला. मोजायचा चमचा पावडरीत तळाशी गाडलेला असतो, तो काढताना कोपरापर्यंत पांढरं व्हायला होतं, हे तेव्हा कळलं. डबा संपेपर्यंत पोट फुगण्याचा त्रास झाला, गाडीतल्या सहप्रवाशांनाही झाला असावा. दुधातली साखर न पचणाऱ्यांनी स्वस्त व्हे घेतलं की असं होतंच. ज्यातून ती साखर काढलेली असते ती जात महाग मिळते, आणि हे काउंटरमागून कुणी सांगत नाही.

खिडकीची मापं मात्र बदलत गेली. १९९५ मध्येच दिसलं होतं की जड व्यायामानंतर स्नायू बांधण्याचा वेग चार तासांनी दीडपट आणि चोवीस तासांनी दुपटीच्या आसपास असतो, आणि छत्तीस तासांनी पूर्ववत होत येतो. म्हणजे स्नायू दुसऱ्या दिवशीही मालाची वाट बघत असतो. हा आकडा अर्ध्या तासाच्या नियमाच्या आधीचा आहे, तरी जिमच्या भिंतीवर तो कधी लागला नाही. २०१३ मध्ये स्नायूंच्या वाढीबद्दलचे २३ प्रयोग, ५२५ माणसं, एकत्र मोजली गेली. वरवर पाहता वेळेवर घेणाऱ्यांना थोडा फायदा दिसत होता. पण वेळेवर पेय घेणाऱ्या गटांच्या पोटात दिवसभरात प्रथिनंही जास्त जात होती. ती तफावत हिशेबातून काढल्यावर वेळेचा फायदा उरला नाही. २०१७ मध्ये कसलेल्या तरुणांच्या एका गटाला २५ ग्रॅम प्रथिन व्यायामाआधी आणि दुसऱ्या गटाला तेच व्यायामानंतर देऊन पाहिलं. दहा आठवड्यांनी फरक नाही. २०१८ मध्ये ४९ प्रयोगांवरून वरची मर्यादाही ठरली: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम, त्यापुढे फारसा लाभ नाही. दिवसाला. तालमीतला खुराक हाच शब्द पुन्हा, फक्त किलो-ग्रॅमात.

देशातल्या पोषणतज्ज्ञांची सरकारी शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅमची आहे. ६५ किलोच्या माणसाला एकीकडे ५४ ग्रॅम आणि दुसरीकडे १०४. या दोन आकड्यांमधल्या दरीतच पावडर विकली जाते. मे २०२४ च्या सरकारी आहारसूचनांनी प्रोटीन पावडर टाळा असं सांगितलं तेव्हा इकडच्या जिममध्ये बरीच टिंगल झाली. सूचना सरसकट होती हे खरं, कारण नुसत्या वरण-भातावर १०४ गाठणं अवघड आहे, आणि श्रावणात अंडी-मासळी बंद असताना तर फारच. साबुदाण्याच्या खिचडीत प्रथिन असतं ते दाण्याच्या कुटाचं, साबुदाण्यात नावालाच. पण त्याच्या महिनाभर आधी देशात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली होती, आणि जवळपास ७० टक्के डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा चुकीचा निघाला होता. काहींत लिहिल्याच्या निम्मंच.

हे जमतं कसं, तर प्रथिन मोजण्याच्या १८८३ पासूनच्या पद्धतीत थेट प्रथिन मोजतच नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि ६.२५ नं गुणतात. ग्लायसीन, टॉरिन अशी स्वस्त द्रव्यं मिसळली की नायट्रोजन वाढतो, डब्यावरचा आकडा वाढतो, स्नायूला काही मिळत नाही. दुधात युरिया घालणाऱ्याचं गणितही काहीसं असंच असतं.

मात्रेचाही एक धाक होता: एका वेळी २० ते २५ ग्रॅमपेक्षा जास्त घेतलं की वाया. २००९ मध्ये अंड्याच्या प्रथिनावर झालेल्या मोजणीतून तो आला, आणि त्यामुळे दर तीन तासांनी डबा उघडणारी एक पिढी तयार झाली. २०२३ मध्ये व्यायामानंतर एकदम १०० ग्रॅम दूधप्रथिन देऊन बारा तास मोजत राहिले, तेव्हा शरीर ते सावकाश, पण कामालाच लावत असल्याचं दिसलं. एका बैठकीत भरपेट जेवणारा पैलवान त्या बाबतीत चुकत नव्हता.

घणसोलीच्या त्या झाकलेल्या ताटात दोन भाकऱ्या, मोठी वाटी चवळीची उसळ, सुकटीचं कालवण आणि वाटीभर दही असेल तर २५ ते ३० ग्रॅम होतात. वाळवलेल्या सुकटीचं निम्म्याहून जास्त वजन प्रथिनाचंच असतं. आगरी-कोळी घरांत ती पावसाळ्याची बेगमी म्हणून भरून ठेवतात, आणि जिमला जाणारा मुलगा वास येतो म्हणून ती डब्यात नेत नाही.