डीजे स्पीकर : मांडणी व जोडणी

मिक्सरमधून (आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रातून) निघालेला ध्वनिसंकेत क्रॉसओव्हर (जाड व बारीक आवाज वेगळे करणारे यंत्र) आणि ॲम्प्लिफायर (संकेताची ताकद वाढवणारे यंत्र) यांच्यामार्गे स्पीकरपर्यंत पोचवण्यासाठी केलेली जुळवणी. ॲक्टिव्ह स्पीकरच्या पेटीतच ॲम्प्लिफायर असल्यामुळे मिक्सरच्या मास्टर आउटपुटची केबल थेट त्याला लावतात. पॅसिव्ह स्पीकरला मात्र स्वतंत्र ॲम्प्लिफायर लागतो.

मिक्सरकडून येणाऱ्या संकेतासाठी एक्सएलआर केबल सर्वांत भरवशाची. तिच्या तीन पिनांपैकी पहिली शील्डची (तारांभोवतीच्या संरक्षक आवरणाची) असते, तर दुसऱ्या व तिसऱ्या पिनेवरून एकच संकेत परस्परविरुद्ध ध्रुवतेने जातो. वाटेत शिरलेली खरखर दोन्ही तारांवर सारखीच येते आणि पलीकडच्या टोकाला एका तारेतून दुसरी वजा होताच ती नाहीशी होते, म्हणून लांबच्या अंतरासाठी आरसीए या साध्या ध्वनिकेबलऐवजी हीच केबल वापरावी. ॲम्प्लिफायरपासून पॅसिव्ह स्पीकरपर्यंत मात्र जाड तारांची स्पीकर केबल हवी. तिचा स्पीकॉन कनेक्टर खोबणीत घालून फिरवला की अडकून बसतो आणि केबल कोणाच्या पायात आली तरी सहसा निसटत नाही.

नवख्यांचे सारे लक्ष वॅटवर असते. खरे तर ओहमचा, म्हणजे विद्युतरोधाचा, आकडा आधी पाहायला हवा; तो जितका कमी, तितका ॲम्प्लिफायरवर ताण जास्त. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की एकूण भार ४ ओहम होतो आणि चार जोडले की २. किमान ४ ओहमसाठी बनवलेल्या ॲम्प्लिफायरवर असे चार स्पीकर लादले, तर तो तापून बंद पडतो किंवा जळतो. लाल दिवा पेटेपर्यंत ताणलेला कमी ताकदीचा ॲम्प्लिफायरही घातकच, कारण लहरींची टोके कापली जाऊन ट्विटर (बारीक आवाजाचे छोटे स्पीकर) जळू शकतात.

सबवूफर (बेसचे स्पीकर) जमिनीवर आणि टॉप (मधल्या व बारीक आवाजाचे स्पीकर) स्टँडवर, उभ्या श्रोत्यांच्या डोक्यांवरून आवाज जाईल इतक्या उंचीवर ठेवतात. दोहोंची वाटणी क्रॉसओव्हरने साधारण ८० ते १२० हर्ट्‌झदरम्यान होते. दोनपैकी एका सबवूफरच्या अधिक-उणे तारा उलट लागल्या, तर दोन्ही चालू असूनही मधोमध उभ्या असलेल्या माणसाला बेस जवळजवळ ऐकू येत नाही.

सुरू करताना आधी मिक्सर, शेवटी ॲम्प्लिफायर. बंद करताना याच्या उलट, नाहीतर मिक्सरचा 'धप्प' असा धक्का थेट स्पीकरच्या पडद्यावर आदळतो. अर्थिंगच्या वेगवेगळ्या वाटांमुळे अखंड गुणगुण येत असल्यास सर्व यंत्रांना एकाच ठिकाणाहून वीज द्यावी. त्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढणे जिवावर बेतू शकते.